डाव्या अंगाची ज्वारी

(आसेगावचं शिवार, दुपार. ज्वारीच्या वावरातल्या मचाणाखाली तिघं: मालक दौलतराव पाटील, राखणदार पुंजाजी आणि त्याची भाकर घेऊन आलेली बायको हिरीबाई.)

दौलतराव: …म्हणजे उजवीकडची कणसं भरलेली अन् डावीकडं नुसती फोलकटं. पाखरांनी काय वावराच्या मधातून बांध घालून धुरा आखला?

पुंजाजी: मी झोपलो नाही मालक. मायची आन.

दौलतराव: झोपला असता तर दोन्ही अंगं खाल्ली असती. तेच तर म्हणतो मी. डावीकडं लागून वावर कोणाचं?

पुंजाजी: उदयसिंगाचं.

दौलतराव: त्याची ज्वारी शाबूत. पाखरं सारी आपल्याकडं. अन् परवा तू त्याच्या ओट्यावर तंबाखू मळत होता.

पुंजाजी: तंबाखू ज्याच्या घरी भेटते त्याच्या घरी खातो मालक. तुमच्या घरी भेटली नाही आजलोक.

दौलतराव: जीभ चांगली जागी आहे! सकाळी राघूंचा थवा तुझ्या डाव्या हाताला उतरला. मी धुऱ्यावरून बोंबलून राह्यलो, अन् तू डोळे सताड उघडे ठेवून गोफण फिरवून राह्यला. उजवीकडं! तिकडं चिमणीबी नव्हती.

पुंजाजी: दिसले नाही.

दौलतराव: एवढा हिरवागार थवा?

पुंजाजी: तिकडं वावर हाये, हेच ध्यानात नाही आलं.

दौलतराव: मग तू आंधळा, नाही तर लबाड. आंधळ्याला कामावरून काढतो, लबाडाला पंचांपुढं उभा करतो. बोल, कोणता?

हिरीबाई: तिसरं काई नाही का पाटील तुमच्यापाशी?

दौलतराव: तू थांब. पुंज्या, उजवा डोळा झाक. बोटं किती?

पुंजाजी: तीन.

दौलतराव: आता?

पुंजाजी: दोन. एकात आंगठी हाये. सैल झाली.

दौलतराव: डोळा चांगला आहे. म्हणजे लबाड.

हिरीबाई: काल हे जेवाले बसले. भाजी खाल्ली अन् मले म्हनतात, ठेचा काहून नाही वाढला? ठेचा ताटात डाव्या अंगाले, सारं जग वाढते तिथंच. ताट फिरवलं तवा दिसला. माह्या ठेच्यातबी उदयसिंगाचा वाटा हाये का?

दौलतराव: …असं कधीपासून?

हिरीबाई: रातचा राखणदार गेला तवापासून. रातभर डुकरं हाकलतात, दिवसभर पाखरं.

दौलतराव: तो कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला गेला, मी काय करू? माणूस मिळत नाही.

हिरीबाई: तुमी पायला तरी कुठं?

दौलतराव: अन् हा तर म्हणतो, झोपलोच नाही!

पुंजाजी: नाहीच झोपलो.

हिरीबाई: तेच तर झालं. झोपले असते तर जागे तरी झाले असते.

दौलतराव: ताट फिरवल्यावर दिसला म्हणते ना? मग सोपं आहे. पुंज्या, दुपारपर्यंत उगवतीला तोंड करून बस, मग मावळतीला. दोन्ही अंगं उजवीच झाली.

पुंजाजी: हो मालक.

हिरीबाई: अन् पाखरं? तेबी दुपारी बाजू बदलतील का?

दौलतराव: तू फार बोलते.

पुंजाजी: मालक, मंग मी लबाड नाही ना?

दौलतराव: नाही. पण ध्यान ठेव, मी धुऱ्यावरून पाहत राहीन. मुंडासं खाली दिसलं की काम गेलं.

(दौलतराव जातात.)

हिरीबाई: द्या मुंडासं.

पुंजाजी: कायले?

हिरीबाई: त्याले मुंडासं पायजे अन् फिरती गोफण. आत माणूस कोनता, ते धुऱ्यावरून समजत नाही. आडवे व्हा.

पुंजाजी: अवो, बाईमानसानं…

हिरीबाई: द्या म्हनलं ना! अन् पाय आत घ्या, उन्हात राह्यले.

पुंजाजी: हिरे…

हिरीबाई: आता काय?

पुंजाजी: सरळ ‘नाही’ म्हनला ना तो? लबाड नाही म्हून?

हिरीबाई: म्हनला. म्या ऐकलं.

पुंजाजी: मंग झोपतो.