पान एकशे चव्वेचाळीसवर मी हसली

...अन् वरून मलेच म्हनतात, "सिंधूताई, इथं गंभीर चर्चा चालू आहे!" अहो, गंभीर चालू आहे हे काय मले दिसत नाई? एकवीस वर्षं झाले मी त्या वाचनालयात झाडून राह्यली, एकवीस वर्षं त्या वाचक मंडळाले चहा देऊन राह्यली, त्या खोलीत गंभीरशिवाय दुसरं काई चालतच नाई! पन आता हसू आलं तं मानसानं काय करावं? पदरात बांधून ठेवावं?

थांबा, तुम्हाले पहिल्यापासून सांगते. आमचं जळगाव जामोदचं एक लहानसं वाचनालय. दर रविवारी मंडळ भरते. अध्यक्ष शरच्चंद्र सर, रिटायर हेडमास्तर. इतके शुद्ध बोलतात, इतके शुद्ध बोलतात का शिंकले तरी वाटते, व्याकरन तपासून शिंकले! मंग शकुंतलाबाई, मोठ्या घरच्या, मागं बाग, पुढं बाग, मधात बाई. अन् मंग विहंग. पोरगा पुन्याच्या कंपनीत आहे, पन काम घरूनच करते. त्याले कोनतंही पुस्तक द्या, तो म्हननार, "यात लेयर्स आहेत." अरे, पुस्तक आहे का पराठा आहे बे?

तं या मंडळानं एक कादंबरी आनली. पाच प्रती. चार वाटल्या, एक टेबलावर उरली. मी धूळ पुसाले उचलली. उचलली तं उघडली. उघडली तं... आता काय सांगू! एका हातात फडकं, एका हातात पुस्तक, अन् मी उभीच. सातवी शिकली ना मी! अक्षर दिसलं का माहे डोळे ऐकतच नाई.

गोष्ट काय माहीत आहे? एक मोठे साहेब. मोठा बंगला. शुक्रवारी नातीचं लग्न, अन् साहेब सोमवारी सकाळीच मेले! आता घरचे काय करतात? लग्न मोडन म्हनून कोनाले सांगतच नाईत! एसी फुल, दार बंद. पाहुन्याइले सांगतात, साहेबाची तब्येत नरम आहे. अन् कोनाले शंका येऊ नाई म्हनून त्याहिचा स्वयंपाकी, नामा त्याचं नाव, त्यानं रोज चार वेळा आत चहा न्यायचा अन् रिकामा कप घेऊन बाहेर यायचं. आता तुम्ही मले सांगा, चहा गेला कुठं?

हे मी एकटीनं नाई वाचलं. शकुंतलाबाईच्या घरी आशाबाई स्वयंपाक करते. दुपारी बाई झोपल्या का थे मागच्या दारानं निघते अन् वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसते. मी वाचून दाखवो, थे ऐके. अन् आमी दोघी अशा हसो, अशा हसो का समोरचा पानवाला उठून आला, "मावशी, काई झालं काय?" म्हटलं, "हाव, साहेब मेले!" अन् पुन्हा हसलो. त्या पानवाल्यानं टोपी काढली हो!

मंग आला रविवार. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. शरच्चंद्र सरांनी सुरुवात केली, "ही मानवी एकाकीपणाची करुण शोकांतिका आहे." मी गप. विहंग म्हने, "नामा हा माणूस नाहीच. तो एक प्रतीक आहे." म्हटलं मनात, रोज चार वेळा चहा करते, भांडे घासते, अन् मानूस नाई? तरी मी गप! मंग शकुंतलाबाईनं चष्मा काढला, डोळे पुसले अन् म्हनल्या, "पान एकशे चव्वेचाळीस वाचताना मला रडूच आलं. मेलेल्या धन्याचा उष्टा कप तो ओठांना लावतो... काय ही निष्ठा!"

बस. इथं गेलं सगळं. हसू असं आलं, असं आलं का ट्रेमधले कप वाजाले लागले! सारे मान वळवून पाहतात. शकुंतलाबाई लालबुंद. "सिंधूताई! पुस्तकं सदस्यांसाठी असतात. तुम्ही फक्त धूळ झटकत जा. यापुढे पुस्तक उघडायचं नाही." अन् सर म्हनतात, "सिंधूताई, इथं गंभीर चर्चा चालू आहे! आपण बाहेर थांबावं."

पुस्तक उघडायचं नाई...

तुम्हाले सांगते, मले कोनी शिवी दिली असती तं मी गिळली असती. कामावरून काढलं असतं तं दुसरं पाह्यलं असतं. पन पुस्तक नाई उघडायचं? मी दारापर्यंत गेली. हात कडीवर होता माहा. तिथून मांगं फिरली, ट्रे ठेवला सरांच्या समोर अन् म्हटलं, "सर, माफी असावी. पन बाई, मेलेला मानूस कप उष्टा कसा करन?"

बाईनं चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. 

म्हटलं, "साहेबानं तोंडच नाई लावलं तं उष्टं कशाचं? थो चहा नामाचाच होता. अन् तुम्ही खालची ओळ काऊन सोडली? त्यानं त्यात दोन चमचे साखर टाकली. साहेबाले तं शुगर होती! कोनासाठी टाकली साखर?" विहंगनं पान काढलं. बोट ठेवलं. "हो यार... साखर आहे."

म्हटलं, "मी खामगावले नऊ वर्षं एका घरी कामाले होती. माहा गिलास वेगळा, नळापाशी पालथा. साऱ्याइचा चहा झाला का मंग मले, अन् थो बी थंडा. नऊ वर्षांत गरम चहा एक डाव नाई भेटला. अन् हा नामा, खुर्चीवर बसून, एसीत, साहेबाच्या कपात, गरम, गोड चहा पेते! दिवसातून चार डाव! ते बी घरच्याइच्या हुकमानं! अन् तुम्ही म्हनता निष्ठा. आता हसू आलं तं मानसानं काय करावं?"

सर मले पाहून राह्यले. मले वाटलं, संपलं आपलं. तं ते म्हनतात, "पुढचं वाचा." मले म्हनले! मले!

मी वाचलं. उभ्यानंच वाचलं. आवाज काढून वाचलं. नामाले दुसऱ्या दिवशी अक्कल येते. थो खोलीतून निघते अन् सांगते, "साहेब म्हणाले, माळ्याला रजा द्या." देतात! "साहेब म्हणाले, नोकरांची पंगत आधी बसवा." बसवतात! मेलेल्या मानसाले कोन उलटून विचारन? पहिल्या पंगतीत ड्रायव्हर, झाडूवाली, धोबी, अन् वाढाले कोन? साहेबाची सून! अन् शेवटी लग्न उरकल्यावर साहेब मेल्याचं जाहीर होते, तवा सारे पाहुने डोळे पुसत म्हनतात, "शेवटच्या चार दिवसांत साहेब किती मोठ्या मनाचे झाले होते हो!"

अन् सर हसले. पहिले मले वाटलं उचकी लागली. एकवीस वर्षांत कोनी ऐकलंच नव्हतं ना! मंग विहंग टेबलावर डोकं ठेवून हसते. रस्त्यावरचे लोकं खिडकीपाशी जमले. "काय चालू आहे?" "आत या, पुस्तक चालू आहे!"

एकट्या शकुंतलाबाई हसल्या नाई. हळूच माह्यापाशी आल्या, बारीक आवाजात, "सिंधूताई, आमची आशाबाई रोज दुपारी मला म्हणते, बाई तुम्ही झोपा, मी सगळं बघते... का बरं म्हणत असेल?"

काय सांगू मी? म्हटलं, "तुमच्या तब्येतीची काळजी, बाई. दुसरं काय!"

पन तुम्हाले सांगते, बाई कच्च्या नाईत. पुढच्या रविवारी आशाबाईले घेऊनच आल्या, अन् बाजूच्या खुर्चीवर बसवलं. पह्यले दोघी अशा बसल्या, जसं फोटो काढून राह्यलं कोनी. मंग लोकाइनं पंगतीचं पान पुन्हा वाचाले लावलं. आशाबाई फिसकन हसली. बाईनं तिच्याकडं पाह्यलं... अन् बाई बी हसल्या! इतक्या हसल्या का चष्मा पडला, तो उचलाले दोघी वाकल्या अन् डोक्याले डोकं!

मंग चार रविवार मी ती कादंबरी पहिल्यापासून वाचली. खुर्च्या पुरल्या नाईत, लोकं सतरंजीवर बसले. अन् शेवटच्या रविवारी सरांनी सोता, आपल्या हातानं, फोटो चिकटवून माहं कार्ड लिहिलं. सदस्य. सिंधू सहदेव इंगळे. मी घरी नेऊन माह्या मानसाले दाखवलं, तं सहदेव म्हनते, "फोटो बरा आला बे!" फोटो! म्हटलं, नाव वाच, नाव!

आता तुम्ही म्हनान, मंग सिंधूताई, तक्रार कायची?

अहो, सदस्य झाली ना मी! सदस्याले नियम लागतात. प्रत्येकानं पाळीपाळीनं एका पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं. सरांनी मोठ्या प्रेमानं माह्या हातात नवी कादंबरी ठेवली. "सिंधूताई, ही आपल्या भाषेतली अत्यंत सखोल कलाकृती आहे. रविवारी तुम्ही बोला." सहाशे बारा पानं! मी म्हटलं, काई हरकत नाई, वाचतो आपन.

आज शनिवार. एकशे बारा पानं झाले. अन् थो नायक अजून खिडकीतून बाहेरच पाहून राह्यला हो!