बारा ते दोनची वीणा

"हॅलो?… हॅलो, कोन?… रुपे, तूच का गं?… हां, बोल… येतंय ऐकू. सावकाश बोल, तुझा आवाज मागनं येतोय."

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या देवळात, सभामंडपाच्या मधोमध, चांगुणाबाई उभ्या होत्या. गळ्यात वीणा. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताचं बोट तारेवर. दत्तजयंतीला उभी राहिलेली वीणा संक्रांतीपर्यंत भुईला टेकवायची नाही, तिचा स्वर तुटू द्यायचा नाही, हा गावाचा नेम. त्यातला दुपारी बारा ते दोनचा पहारा एकोणीस वर्षं चांगुणाबाईंचा. सायप्रसला नांदणाऱ्या लेकीलाही ठाऊक, की या वेळेला आई देवळातच सापडते. हात मोकळा नाही म्हणून साठीतले पुजारी श्रीमंतभाऊ फोन त्यांच्या कानाशी धरून उभे होते.

"टुंग टुंग काय वाजतंय?… अगं, वीना हाय. पहाऱ्यावर हाय मी… श्रीमंतभाऊंनी धरलाय फोन… भाऊ, कानाला धरा, गालाला नगं… हां. बोल गं."

"तिकीट?… आजच सांगायचं?… आज म्हंजे कवा?… आत्ता? त्या तिकीटवाल्याच्या दुकानातनंच बोलतीस व्हय तू?… अगं बाई."

"तारखा परत सांग… सव्वीसला निघायचं, दोनला माघारी. आठ दिवस… जावईबापूंना तेवढीच सुट्टी, कळतंय मला. बोटीवरची नोकरी ती. बोट थांबली तरच मानूस थांबतो."

मंडपात खांबांना टेकून आठ-दहा जण बसले होते. डोळे मिटलेले, कान मात्र उघडे. चांगुणाबाईंनी आवाज हळूच वरच्या पट्टीत नेला.

"सायप्रसला थंडी कितीशी हाय?… काय सांगतीस. डोंगरावर बर्फ अन् खाली समुद्र? एकाच दिवसात दोन्ही दावनार?… अन् मोटार कोन चालवनार?… तू?… बरं का, रुपी मोटार चालवती तिकडं… न्हाई गं, हितल्या मानसांना सांगतीय… मिरवतीय तर मिरवतीय. आईनं न्हाई मिरवायचं तर कुनी?"

"मोसंबीच्या बागा? आपल्या श्रीरामपुरासारख्या?… अन् पक्षी कसले, गुलाबी?… हां, हां, लांब तंगड्यांचे. जायकवाडीवर येत्यात तसले… मिठाच्या तळ्यावर?… त्यांचं बरंय, त्यांना पासपोर्ट लागत न्हाई. माझ्या पासपोर्टावर सही हाय, अंगठा न्हाई. तीन म्हैने पाटीवर गिरवलीय."

"नऊवारीखाली बूट?… घालीन की. कुनाला लाजायचंय तिथं?… चटनी कुटून ठिवलीय शेंगदान्याची. गोधडी बी उन्हात घातली…"

चांगुणाबाईंनी गळ्यातली वीणा सावरली.

"मग अडलंय कुठं म्हंजे?… ठाऊक असून इचारतीस. ही वीना गं. सव्वीस ते दोन, आठ दुपारी कोन उभं ऱ्हाईल?… इचारलं. समद्यास्नी इचारलं. बायका कांदे लावायला जात्यात, पुरुषांचे पहारे ठरल्यालेत… रोजानं मानूस लावू? रुपे, तोंड धुऊन ये आधी. वीना काय कांद्याची लागवड हाय?"

"आन्ना?… व्हय, दुपारचे रिकामेच अस्त्यात… हितंच बसल्यात, खांबापाशी… हळू बोल, श्रीमंतभाऊ ऐकत्यात… अगं, तुला म्हाईत न्हाई व्हय? नव्या मानसाला पहारा द्यायचा तर जुन्यानंच आपल्या गळ्यातली वीना त्याच्या गळ्यात घालायची. अन् घेनाऱ्यानं आधी देनाऱ्याच्या पायावर डोकं ठिवायचं… बायको असली तरी. वीनेला काय ठाऊक, कोन कुनाची बायको?"

खांबापाशी रुपीचे आन्ना, रंगनाथ, टाळ मांडीवर ठेवून बसले होते. लेकीच्या लग्नात व्याह्यांपुढं ताठ उभा राहिलेला माणूस. एकोणीस वर्षं बायकोचा पहारा समोर बसून ऐकला, पण वीणा कधी मागितली नव्हती. का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"मी न्हाई म्हननार त्यांना… कसं म्हनू? माझ्या पाया पडा, मला समुद्र बघायचाय?… न्हाई बाई. ऱ्हाऊ दे मग. सांग त्या तिकीटवाल्याला, न्हाई जमत… रडू नगस, रुपे… पुढल्या हिवाळ्यात बघू… व्हय गं, पुढल्या हिवाळ्यात तुमी कुठल्या बंदरात असाल, देवाला ठाऊक. कळतंय मला. सगळं कळतंय."

आणि बोट चुकलं. तार एक ठोका मुकी राहिली. चालत्या कीर्तनात बुवांनी चरण अर्ध्यावर सोडावं आणि मंडपानं श्वास धरावा, तसं झालं. मिटलेले डोळे उघडले.

"काय न्हाई… हात घसरला… थांब गं. आन्ना उठले… भाईर गेले. कटाळले असतील माझ्या बोलन्याला… न्हाई, नळावर हायेत. पाय धुत्यात… रुपे, टोपी नीट केली त्यांनी… इकडंच येत्यात… बोलू नगस. जरा बोलू नगस."

रंगनाथ समोर येऊन उभे राहिले. एकदा वीणेकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग सगळ्या मंडपादेखत खाली वाकले आणि चांगुणाबाईंच्या भेगाळलेल्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकलं. श्रीमंतभाऊंनी फोन बाजूला घेतला. रीतीप्रमाणे चांगुणाबाईंनीही वाकून त्यांच्या पायांना हात लावला, गळ्यातली वीणा काढून त्यांच्या गळ्यात घातली. तारेवरनं एक बोट निघालं, दुसरं पडलं. मधे फट राहिली नाही. स्वर जाडा होता, नांगर धरलेल्या हाताचा, पण ठाम होता.

चांगुणाबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला. दोन्ही हातांनी.

"हॅलो… हाय, हाय मी. आता मीच धरलाय… व्हय. घेतली त्यांनी… माझ्या न्हाई गं, वीनेच्या पाया पडले… बरं, माझ्या बी… बोलायला देऊ? आता कसं बोलतील, वीना गळ्यात असताना बोलायचं नसतंय… मी मघाधरनं बोलतीय, खरंय. माझी एकोनीस वर्सं झाली, त्यांचं एक मिनिट. बरूबरी कशाला?"

"लिव नाव. चांगुणाबाई… मग मधलं नाव, रंगनाथ. ते गाळू नगस. मोठ्यानं वाच त्या तिकीटवाल्याला, मला ऐकू दे… हां. आता आडनाव… हॅलो?… रुपे?… हॅलो?"

फोन तुटला होता. नुसती घूं घूं. चांगुणाबाईंनी तो तसाच कानाशी ठेवला. मंडपाकडं पाहिलं, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हां… हां… बरं, सांगते आन्नांना. रुपी म्हनती, स्वर पार सायप्रसपर्यंत आला. अन् दोन वाजायला वीस मिनिटं हायेत म्हनावं, नीट उभं ऱ्हावा."