भारी कार्ड परत जातंय

उरणच्या मोरा बंदरावर मुंबईच्या लाँचच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या हातात कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा खोका होता.

“हेमाली, दुकानातलं सगळ्यात भारी कार्ड घेतलंस. आता परत देतेस?”

“आई, गेम सेकंदाला साठ फ्रेमच्या वर जातच नाही. रविवारच्या मॅचला निदान एकशे वीस पाहिजेत, नाहीतर समोरचा मला आधी बघणार.”

“मग चित्र हलकं कर की.”

“केलं. तरी साठच. म्हणजे जुन्या प्रोसेसरपाशी अडतंय. तो शंभर टक्के राबतोय आणि कार्ड चाळीस टक्क्यांवर बसून हाय.”

“तुझ्या आज्यानं मिठागरात हेच केलेलं. मिठाच्या कोंड्या दुप्पट केल्या, नि त्यात सोडायला खारं पाणी तेवढंच. निम्म्या सुक्या राहिल्या.”

“तेच झालंय. आता कार्ड मधलं घ्यायचं आणि उरलेल्या पैशात आपल्या मदरबोर्डवर बसेल असा तगडा प्रोसेसर. बदलून द्यायचा आज शेवटचा दिवस.”

“दुकानदार म्हणंल, कार्ड चांगलं हाय.”

“चांगलंच हाय. आपल्या प्रोसेसरला झेपत न्हाय, असं सांगेन.”

खिडकीतून आवाज आला, “ओहोटी लागली, पाणी कमी हाय, आता लाँच सुटणार नाही. पुढची चारला.”

“आई, दुकानात पाचपर्यंतच बदलून देतात. चारच्या लाँचनं नाही पोचणार.”

“मग बसनं चल.”

“तुला बस लागते. म्हणून तर लाँचनं निघालो.”

“लागू दे. मी खिडकीशी बसेन. तू खोका सांभाळ.”