बुबूच्या उजवीकडची जागा

सभेचे अध्यक्ष मौलवी साहेब, या एकुलत्या एका बाकावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर पाहुणे, कुतुपालोंग छावणीतल्या आमच्या ब्लॉकमधल्या माता-भगिनींनो, भावांनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या मेहनाज आपा, सर्वांना माझा सलाम. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, चटईवर जागा आहे. गुलबहार बुबूच्या उजवीकडची तेवढी सोडून.

मी सीमेपलीकडच्या बुथिडाँगचा मास्तर, बोलायला लागलो की थांबत नाही. मौलवी साहेब घड्याळ बघताहेत, तेही मला दिसतंय.

आपा चितगावहून पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आल्या, तेव्हा आपण काय केलं, आठवतं ना? घराघरापुढे ओळीत उभे राहिलो, दोन्ही हात छातीशी, जणू पाटी धरली आहे! गावी दरवर्षी सरकारी माणसं यायची. घरातल्यांची नावं लिहिलेली पाटी धरून फोटो काढायचे. फोटोत जो नाही, त्याचं नाव यादीतून कापायचे. मग तो बाजाराला गेलेला का असेना! पाटी गेली, गाव गेलं, हात मात्र तसेच राहिले. आपा म्हणाल्या, "मास्तर, हात खाली सोडा हो. मी कुणाला मोजायला आले नाही." मी हसलो, आणि मग मला रडू आवरेना.

माझी थोरली बहीण, ही गुलबहार बुबू, त्या दिवशी चटईच्या एका कडेला बसली. आपा म्हणाल्या, "खाला, मध्ये सरका, फोटो एकीकडे कलतोय."

बुबू फणकारली, "कलू दे! इथं माझा एनायत बसलाय. फोटोत दिसला नाही तर नाव कापतील त्याचं."

एनायत तिचा एकुलता एक मुलगा. गाव सोडून सीमेवरच्या नाफ नदीकडे पळताना, गाय दाव्याला तशीच राहिली म्हणून सोडायला मागे फिरला, तो आलाच नाही. सगळे तिला म्हणायचे, तो गेला असं मान, त्याच्या जनाज्याची नमाज पढून घे. मीही म्हणालो होतो. आज सर्वांसमोर सांगतो, मला त्याची लाज वाटते.

आपा दोन पावलं मागे सरकल्या आणि ती रिकामी जागा पुरती फोटोत घेतली. बुबूनं विडा लावला होता, तो त्या जागेकडे केला. तो फोटो बघा कधी तिच्या झोपडीत. छावणीतली बाई त्यात कुठं दिसते? लेकाला पान देणारी घरची मालकीण दिसते.

आपा, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर या म्हाताऱ्या मास्तराला सांभाळून घ्या. आता सगळ्यांचा एक फोटो होईल, आणि आज कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्या. तीन वर्षांत आमच्या एकाही फोटोत तुम्ही नाही, आणि आमच्यात अशानं नाव कापलं जातं.

बुबूनं सांगितलंय, तुम्ही तिच्या शेजारी बसायचं. डावीकडे. उजवीकडे एनायत आहे.