कार्पेटखालचा खिळा कोणी ठोकला, याबाबत

नाव ओळखपत्राप्रमाणे, कामावर सगळे 'गुडघ्या' म्हणतात. वय तेवीस. शिक्षण चौथी. धंदा कार्पेट बसवणे. राहणार कार्पेटच्या दुकानामागची खोली, सोबत आणखी तीन कामगार. घर इथून लांब, तीन वर्षांत गेलो नाही.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, ज्या घरमालक साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे त्यांना मी आजच्या आधी ओळखत नव्हतो. तक्रार अशी की, मी मुद्दाम त्यांच्या घरातली पाण्याची नळी फोडली आणि कटर दाखवून धमकी दिली. दोन्ही खोटे आहे. तक्रार खरी धरली तर माझा कामाचा परवाना जातो आणि मला माझ्या देशात परत पाठवतात.

आज मंगळवारी सकाळी साडेनऊला दुकानमालकाने मला त्या घरी पाठवले. गिऱ्हाइकाने रविवारी बैठकीच्या खोलीत स्वतःच कार्पेट बसवले, ते बसले नाही, म्हणून उचकटून नीट बसवायचे, असे काम होते. दार उघडताच साहेब म्हणाले, "बूट बाहेर. आणि निम्मं काम मी केलंय, उगाच दिवसभर घोळ घालू नकोस."

खोली बघितली. मधोमध फुगा आलेला. दोन तुकड्यांची लव उलटसुलट, त्यामुळे जोडाच्या एका बाजूला रंग गडद, दुसऱ्या बाजूला फिका. खाली स्पंजचा थर नाही. खिडकीच्या कोपऱ्यात कापड चार बोटे कमी पडले तिथे पायपुसणे टाकलेले. भिंतीच्या कडेने दातेरी लाकडी पट्टी ठोकतात, तिचे दाते भिंतीकडे झुकलेले लागतात, म्हणजे ताणलेले कार्पेट त्यात अडकून राहते. साहेबांनी चारही भिंतींना ती उलटी ठोकली होती. मला हसू आले. ते त्यांनी बघितले.

साहेब म्हणाले, "दात काय काढतोस? मोबाइलवर बघून केलंय सगळं. यात अक्कल ती काय लागते? कापायचं आणि ठोकायचं."

मी म्हणालो, "न्हावी पण कापतोच की साहेब. मग आपलं डोकं आपणच का नाही भादरत?"

"जास्त बोलू नकोस. गुडघ्यावर बस आणि काम कर."

मी गुडघ्यावर बसलो. जमिनीच्या लाकडी फळ्यांखालून पाण्याच्या नळ्या कुठून जातात, हे मी प्रत्येक घरी आधी विचारतो, तसे विचारले. ते म्हणाले, "त्या बाजूला काही नाही. घर माझं आहे का तुझं?" त्या वेळी साहेबांच्या पत्नी, म्हणजे बाई, दारात उभ्या होत्या.

सव्वादहाच्या सुमारास खिडकीखालची पट्टी उपटायला घेतली. पट्टीचे खिळे नखाएवढे असतात. तिथे एक खिळा बोटभर लांब होता, पट्टी हलू नये म्हणून जादा ठोकलेला. तो पकडीने ओढला आणि कढत पाणी वर उडाले. खिळा नळीत शिरला की तोच बुचासारखा बसतो, आणि काढला की नळी वाहते. दोन दिवस तो तसा बसून होता.

मी भोकावर अंगठा दाबला आणि ओरडलो, "मेन कॉक बंद करा!" साहेबांनी मोबाइल काढून माझे चित्रण सुरू केले. तक्रारीसोबत दिले आहे ते हेच. त्यात कटर माझ्या कमरेच्या पिशवीत दिसतो, हातात नाही. परत एकदा बघावे. कॉक बाईंनी धावत जाऊन बंद केला. येऊन म्हणाल्या, "दादा, काढा हात. भाजलाय तो."

त्यानंतर साहेब अंगावर आले. "फोडलीस ना? तुम्हा लोकांना घरात घेणंच चूक." मी खिळा पुढे धरून म्हणालो, "असा दुसरा माझ्या पेटीत शोधून दाखवा." ते म्हणाले, "पेटी तुझी, खिळाही तुझाच." चोराच्या उलट्या बोंबा. मी शिवी दिली. एकच दिली, ती मान्य आहे. धमकी दिली नाही.

तेव्हा बाई साहेबांना म्हणाल्या, "अहो, — — — — — —" (येथील शब्द जबाब देणाऱ्याच्या सांगण्यावरून खोडले.) साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आत हो. तुझं मग बघतो." बाई आत गेल्या. साहेबांनी मला हाताला धरून बाहेर काढले.

खोडलेल्या शब्दांबद्दल विचारल्यावरून सांगतो की, ते मीच सांगितले होते, हवालदारांनी लिहिले, आणि वाचून दाखवताना मीच खोडायला लावले. हवालदार म्हणाले, "येड्या, तुझ्या बाजूचं तेवढं एकच वाक्य आहे. ते गेलं तर साक्षीदार कोण?" साक्षीदार कोणी नाही. ते शब्द कागदावर राहिले तर बाईंना इथे बोलावून साहेबांसमोर तेच परत विचारतील. मला त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. बाई आत्ता तिथेच आहेत.

चूक तुझी असं लिहून दे, राहिलेलं कार्पेट बसवून दे, तक्रार मागे घेतो, असा साहेबांचा निरोप दुकानमालकाने बाहेर बाकावर येऊन सांगितला. मालकही म्हणाले, "दे ना लिहून, तुझं काय जातं?" नळी मी फोडली असे मी लिहून देणार नाही. परत पाठवले तरी नाही.

जबाब मला दोनदा वाचून दाखवला. जेवढे लिहिले आहे तेवढे बरोबर आहे.