आत्याचे सात खिळे

हे तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय मला. बाबांनीच. ‘सुतारकाकांना चहा दे आणि गप वर ये.’ आणि मी गपच असते, चार दिवसांत तुमच्याशी चार शब्द बोलले नसेन. पण सकाळपासून तुम्ही या हॉलमध्ये गुडघे टेकून बसलाय, फळी लावताय, उचकटताय, फिरवून लावताय, आणि स्वतःलाच शिव्या देताय — नका देऊ. तुमचं काही चुकलेलं नाही. फळ्यांचे नंबर चुकीचे आहेत. कोणी केले? मीच. काल शाळेतून आल्यावर ओल्या फडक्यानं चौतीसच्या चौतीस पुसले आणि वाटेल तसे दुसरे लिहिले.

रागवा, पण आधी ऐका. नंबर लिहायला तुम्हीच बसवलं होतंत ना मला — ‘जुनी फळी शेजारीण बदलली की रुसते गं, नीट लिही’ — आणि मी काय मन लावून लिहिले! का? तर बाबा म्हणाले होते, आत्याच्या खोलीतलं लाकूड फक्त पॉलिशला काढतोय, परत तिथंच बसणार. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तिच्या खोलीत फरशीवाला! पांढऱ्याफटक फरश्या, दवाखान्यासारख्या. आणि सागवान इथे, पाहुण्यांच्या बुटांखाली. ‘एवढं चांगलं लाकूड आतल्या खोलीत कोण बघतंय?’ — कोण बघतंय म्हणे! अहो, तिला दिसत नाही म्हणूनच तर ते हवंय!

ते पितळी खिळे पाहिलेत ना, गोल डोक्याचे? तुम्हाला वाटलं असेल, कुणीतरी उगाच ठोकलेत. उगाच नाही. सात आहेत. एकापासून दुसरा बरोबर अर्धा मीटर — पहिल्यापासून सातव्यापर्यंत तीन मीटर, फळ्यांना आडवे, एका रेघेत. आत्या पडदे शिवते. डोळे अधू व्हायला लागले तेव्हा तिनंच ठोकून घेतले. कापड जमिनीवर पसरते, अनवाणी चालते, आणि पायाच्या अंगठ्यानं खिळा चाचपून माप घेते. टेप नको, चष्मा नको. एक पडदा कधी तोकडा झाला नाही. आणि फळ्यांचा क्रम बदलला की संपलं — सात खिळे सात दिशांना. बाबा तर म्हणतात, खिळे उपटा आणि भोकं बुजवा. ‘डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता कसली शिवतेय ती? बसू दे निवांत.’ निवांत! पलंगावर बसवून ठेवायचं, वेळेवर ताट द्यायचं, आणि जगाला सांगायचं बहिणीला किती सांभाळतो! तिला विचारलं कुणी? सख्खी मोठी बहीण आहे ना त्यांची? दवाखान्यात गेली तेवढ्यात हे उरकायचं — समोर असती तर झाली असती कुणाची हिंमत?

मी तरी कुठली शहाणी. तिचा फोन आला परवा. बाकी काही नाही, पहिलं हेच — ‘खिळे आहेत ना गं जागेवर?’ आणि मी म्हणाले, ‘आहेत.’ हे बघा. बाबांनी पकडीनं उपटलेला पहिला खिळा. माझ्या मुठीत होता तेव्हा, आणि मी म्हणाले आहेत. तेव्हापासून कंपासपेटीत घेऊन हिंडतेय. तिच्याशी खोटं बोलायची या घरात मीच एक राहिले होते, तेही झालं.

नाही, रडत नाहीये. भुसा गेला डोळ्यात.

खरा क्रम माझ्या भूमितीच्या वहीत आहे. पुसायच्या आधी उतरवून घेतलाय, खिळ्यांच्या जागांसकट. वही देते, पण एका अटीवर — फळ्या परत तिच्या खोलीत. फरशीवरून बसतात ना? बसतात, तुम्हीच फरशीवाल्याला सांगत होतात, मी ऐकलंय. आणि बाबांशी तुम्ही बोला. मी बोलायला गेले की माझा आवाजच फुटत नाही, आत्ता कसा फुटतोय देव जाणे. तुम्ही सांगा, की हे लाकूड हॉलला चालत नाही, किंवा सरळ खरं सांगा, की —

कोण हाक मारतंय? आत्या? अगं बाई, ती उद्या येणार होती ना? — आले गं, आले! — काका, उठा, तिला इथेच थांबवा, कसंही करून, चहा मागा, काहीही करा — दारात चपला काढल्या की ती सरळ खोलीत जाते, आणि अंगठ्यानं पहिला खिळा सापडल्याशिवाय पुढचं पाऊल कधी —