पुढून की पाठीमागून?

मंडळी, सुमतीच्या शाळेतले गुरुजी, वाडीवरून चालत आलेली माणसं, लोणावळ्याचे आमचे शेजारी, तुम्ही सगळे आलात. हेडमास्तर म्हणाले, भाऊ म्हणून दोन शब्द बोला. रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर बडबडतो, पण असं सभेत उभं राहून बोलायची सवय नाही. तरी बोलतो. आज गप्प बसलो तर एका लेकराचं वाटोळं होईल.

तुमच्यातले काही जण म्हणतायत, सुमतीबाई कुबड घालवायला गेल्या आणि जिवाला मुकल्या. म्हणतायत ना? आत्ता दारात उभा होतो, ऐकलं. लग्न जमावं म्हणून केलं, हेही ऐकलं. अहो, पस्तिशीला आलेली बाई ती! कुबडावरून लोकांचं नाही नाही ते बोलून झालं होतं. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट मलाच म्हणायची, "दादा, तुझी पाठ एवढी सरळ, तरी साहेबापुढे माझ्यापेक्षा जास्त वाकतोस!"

लहानपणी तिच्या मणक्यांना क्षय झाला. तो बरा झाला, पण खांद्यांमधले मणके खचले ते खचलेच. गेल्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग पायातली चप्पल कधी निसटली तेही कळेना. पवनानगरला एसटीतून उतरून शाळेची चढण चढताना पडली. पुन्हा पडली. पुन्हा पडली. म्हणून गेलो आम्ही पुण्याला. पाठीसाठी नाही हो, पायांसाठी!

तिथं दोन डॉक्टर. मोठे म्हणाले, पाठीमागून करू. कमरेचं हाड घेऊन मणक्यांवर बसवू, काही महिने प्लास्टरमध्ये झोपवू. जिवाला धोका कमी. कुबड वाढणार नाही, पण आहे ते राहील. धाकटे म्हणाले, पुढून जाऊ. छाती उघडू, बरगडी काढू, मज्जारज्जूवर दाबणारं हाड काढून तिथं त्या बरगडीचाच टेकू देऊ. पाठही थोडी सरळ होईल. पण हिची छाती आखडलेली, श्वास अपुरा. धोका मोठा. दोघांचं आमच्यासमोरच जुंपलं. वर्गातल्या पोरांना गप्प करावं तसं सुमतीनं दोघांना गप्प केलं. म्हणाली, "पाठीचं राहू द्या. माझे पाय कशानं राहतील?" मोठे डॉक्टर खाली बघत म्हणाले, "पुढून."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली आणि पायाचा अंगठा हलवून दाखवला. मी वेड्यासारखा हसलो. मग छातीत कफ भरला. श्वास पुरेना. माझा हात धरून ती श्वास ओढत होती आणि मी काही, काही करू शकलो नाही. कशाला हलला तो अंगठा? सांगेल मला कुणी?

आणि आता हे कोंडिबा. वर वाडीवर राहतात, मोलमजुरी करतात. यांची ठकी सुमतीच्या वर्गात. तिलाही तोच आजार. सुमतीच तिच्यासाठी त्या धाकट्या डॉक्टरांशी बोलून आली होती. परवा कोंडिबा घरी आले. म्हणाले, "दादा, बाई गेल्या. आता म्या पोरीला न्हाई नेत. कुबड ऱ्हाऊ दे, पन पोर ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, पायांचं काय? तर म्हणाले, "तुमीच सांगा मंग. म्होरनं का मागनं? जगंल का ती? निस्तं व्हय म्हना, उद्याच नेतो."

मंडळी, मला हो म्हणता आलं नाही. डॉक्टर म्हणतात, ठकीची छाती चांगली आहे. पण त्या वॉर्डातून मी बहिणीला कशी घरी आणली, ते माझं मला ठाऊक. कोणत्या तोंडानं म्हणू, न्या? आणि कोणत्या तोंडानं म्हणू, नका नेऊ? सुमतीला विचारावं, तर तीच नाही.

कोंडिबा, सगळ्यांसमोर सांगतो. ती जगेल, हे वचन मी देऊ शकत नाही. पण सुमती हौसेपायी गेली नाही, एवढं खरं धरा. ठकीला न्यायचं ठरवलंत तर मी बरोबर येईन. त्या वॉर्डात पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणालो होतो, तरी येईन. पण लवकर ठरवा हो. बाईंचं शेवटचं दर्शन घ्यायला ठकी भिंत धरत धरत आली होती. आज तुम्ही तिला पाठुंगळीला घेऊन आलात.

आता उभे राहू या. सुमतीसाठी थोडा वेळ कुणी बोलू नका.

ठकी, तू नको उठू, बाळ. तू बसूनच बाईंना नमस्कार कर.